कर्डक, वामनदादा : गीतरचना आणि ‘वाटचाल’

वामन तबाजी कर्डक (१५ ऑगस्ट १९२२–१५ मे २००४). आंबेडकरी चळवळीतील मराठी लोककवी व गायक. जन्म नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी. ‘वाटचाल’ (१९७३) हा त्यांचा पहिला गीतसंग्रह. त्यानंतर ‘मोहळ’ (१९७६) व ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) हे संग्रह आणि ‘माझ्या जीवनाचं गाणं’ (१९९६) हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यांच्या गीतांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगितली जाते. ही संख्या श्रद्धेने वाढलेली असली, तरी रचनेचा ओघ असामान्य होता याविषयी दुमत नाही. प्रस्तुत नोंदीत त्यांच्या चरित्रापेक्षा त्यांच्या गीतांच्या टिकाऊपणाचा विचार केला आहे. संग्रह दुर्मीळ झाले, गायकांच्या दोन पिढ्या बदलल्या, ध्वनिमुद्रिका जाऊन ध्वनिफिती आल्या व त्याही गेल्या. तरीही ही गीते गायली जातात. या चिरस्थायित्वाची कारणे चळवळीच्या इतिहासात जितकी आहेत तितकीच गीतांच्या घडणीतही आहेत. मराठी समीक्षेने पहिल्या कारणाची दखल घेतली. दुसऱ्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

एखाद्या कवीचा पहिला संग्रह म्हणजे त्याचे पहिले पाऊल, असे सामान्यतः मानले जाते. ‘वाटचाल’च्या बाबतीत हे गृहीत उलटे आहे. वामनदादांची पहिली रचना १९४३ मधील. ती एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर केलेले विडंबन होते. त्याच सुमारास मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे दर्शन व भाषण त्यांना लाभले आणि विडंबनाचा विनोद मागे पडून गीताला प्रबोधनाची दिशा मिळाली. म्हणजे पहिले गाणे आणि पहिले पुस्तक यांत तीस वर्षांचे अंतर आहे. या तीस वर्षांत त्यांची गीते वस्त्यांतून, सभांतून, लग्नमंडपांतून आणि जयंतीच्या रात्रींतून गायली जात होती. जे गीत श्रोत्यांनी दुसऱ्या वेळी मागितले नाही ते आपोआप गळून पडले. ‘वाटचाल’ हा अशा रीतीने कवीचा आरंभ नसून एका दीर्घ मौखिक परीक्षेचा उशिरा झालेला लेखी उतारा होय.

पाश्चात्त्य संगीतातील एक उदाहरण येथे तुलनेसाठी उपयोगी पडते. कॅनडातील कवी लेनर्ड कोहेन (१९३४–२०१६) यांचा पहिला काव्यसंग्रह १९५६ मध्ये निघाला; पुढे आणखी संग्रह व दोन कादंबऱ्या लिहून झाल्यावर, १९६७ च्या अखेरीस, त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका आली. त्यांतील सर्वांत गाजलेले गीत १९६६ मध्येच ज्युडी कॉलिन्स या गायिकेने ध्वनिमुद्रित केले होते. पुस्तकाकडून गाण्याकडे असा तो प्रवास होता. वामनदादांचा प्रवास याच्या नेमका उलट, गाण्याकडून पुस्तकाकडे झाला. मात्र एका बाबतीत साम्य आहे : दोघांचीही गीते कवीच्या स्वतःच्या आवाजावर अवलंबून राहिली नाहीत. जे गीत केवळ त्याच्या कर्त्यानेच गावे असे असते ते कर्त्याबरोबर संपते. वामनदादा स्वतः गात असत, पण गीत रचताना त्यांच्यासमोर दुसऱ्याचा गळा असे. सामान्य आवाकाच्या, न शिकलेल्या गळ्याला झेपेल इतकेच ते त्यावर ओझे ठेवीत.

या गळ्याचा भूगोल पाहिल्यावाचून गीतांची भाषा कळत नाही. सिन्नर हा नाशिक जिल्ह्याचा अवर्षणप्रवण भाग. तेथून पश्चिमेकडे निघालेला रस्ता घोटी येथे मुंबई–आग्रा मार्गाला मिळतो; लोहमार्गही घोटीवरून इगतपुरीला आणि तेथून थळ घाट उतरून कसाऱ्याकडे जातो. कोरड्या पठारावरून निघालेला माणूस घोटीला आला की भातशेतीचा, भाताच्या गिरण्यांचा आणि मोठ्या पावसाचा मुलूख सुरू होतो, आणि त्यापुढे मुंबई. घोटी ही अशी उंबरठ्यावरची बाजारपेठ आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या वाटेने भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबे मुंबईच्या गिरण्यांत, गोद्यांत आणि कोळशाच्या वखारींत गेली. वामनदादांचे बालपण गुरे राखण्यात गेले होते. तेही मुंबईत जाऊन मिळेल ते अंगमेहनतीचे काम करीत राहिले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती मुंबईत, प्रौढ वयात, समता सैनिक दलाच्या संपर्कात. त्यामुळे त्यांच्या शब्दसंग्रहाला दोन तळ आहेत. एक खेड्यातील बोलीचा. दुसरा सभेतील भाषणांतून, वृत्तपत्रांच्या जाहीर वाचनातून आणि चाळीतील चर्चांतून आलेल्या प्रमाण मराठीचा. मुंबईतून सुट्टीवर आलेल्या माणसाबरोबर हीच गीते पुन्हा घाट चढून घोटी, इगतपुरी, देवळाली, मनमाड अशा ठिकाणच्या वस्त्यांत परत आली.

नाशिक जिल्ह्याला या कामी पूर्वपरंपरा होती. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी नाशिक येथे सुरू झाला. धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे झाली. या काळात आंबेडकरी जलसे उभे राहिले. त्यांचे एक प्रवर्तक भीमराव धोंडिबा कर्डक हेही नाशिक जिल्ह्याचेच. ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ (१९७८) हा त्यांचा ग्रंथ या विषयावरील मूलभूत साधन आहे. (आडनावाच्या साम्यामुळे दोघा कर्डकांची गल्लत अनेकदा, क्वचित छापील मजकुरातही, झालेली दिसते.) सत्यशोधक जलशाप्रमाणेच आंबेडकरी जलशाने तमाशाचा सांगाडा घेतला व त्यातील देवस्तुती आणि शृंगार यांच्या जागी समाजप्रबोधन आणले. जलशाला मात्र संच लागतो : सोंगाड्या, सुरत्ये, वादक, तालमी. वामनदादांनी या संचातील एकच घटक उचलला, तो म्हणजे गीत. पेटी, ढोलकी आणि खंजिरी एवढ्या साधनांवर, किंवा तीही नसताना नुसत्या टाळ्यांवर उभे राहू शकेल असे ते केले. जलसे पुढे ओसरले, गीत राहिले. हलकी वस्तू लांबवर जाते हा साधा नियम येथे लागू पडतो.

वामनदादांच्या रचनेचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे श्रोत्याच्या कानात आधीच असलेली चाल. प्रचलित चालीवर नवे शब्द बांधणे या पद्धतीला आपल्याकडील समीक्षा हलके मानते. परंतु चळवळीच्या गीतांच्या इतिहासात ती जगभर आढळते. अमेरिकेतील कामगार कवी जो हिल (मृत्यू १९१५) याने चर्चमधील प्रार्थनागीतांच्या चालींवर संपाची गीते बांधली. वुडी गथ्री याने लोकप्रिय गायकवृंदांच्या चाली घेतल्या. आपल्याकडे संतांनी आणि शाहिरांनीही हेच केले. चाल नवी असेल तर श्रोता प्रथम चाल ऐकतो. चाल ओळखीची असेल तर तो थेट शब्द ऐकतो. ज्या समाजाला आपले म्हणणे एका रात्रीत शंभरांपर्यंत पोहोचवावयाचे आहे त्याला ही बचत मोलाची असते.

परंतु केवळ उसन्या चालींवर वामनदादांचे यश उभे नाही. त्यांच्या एका अत्यंत प्रसिद्ध गीताचे उदाहरण घ्यावे. बाबासाहेबांना उद्देशून, तुमच्या मताचे निदान पाच लोक असते तर चित्र वेगळे दिसले असते, असे त्यात म्हटले आहे. या गीताच्या प्रत्येक ओळीचे दोन समान भाग पडतात आणि प्रत्येक भागाचा साचा ‘गागालगा लगागा’ असा आहे. मराठी छंदःशास्त्रात याला आनंदकंद म्हणतात. उर्दूतील हीच लगावली महंमद इक्बाल यांच्या १९०४ मधील सुप्रसिद्ध देशगीताची आहे, जे भारतातील शाळकरी मुलांच्या आणि सभांच्या कानांत पक्के बसलेले आहे. बारा मात्रांनंतर येणारा विराम टाळीला जागा देतो. चोविसाव्या मात्रेवर ओळ पुरी होते. वृत्ताचे शिक्षण न घेतलेल्या कवीने हे वृत्त इतक्या काटेकोरपणे सांभाळले आहे की लघुगुरूचा हिशोब करू पाहणाऱ्यास अडखळण्यास जागा सापडत नाही. कान हाच त्यांचा छंदोग्रंथ होता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट यमकाची आहे. या गीतात प्रत्येक द्विपदीच्या शेवटी ‘असते’ हे एकच क्रियापद परत येते आणि त्याच्या अलीकडे ‘लोक’, ‘टोक’ अशी यमके बदलत जातात. गझलच्या परिभाषेत पहिले रदीफ व दुसरे काफिया होय. ‘असते’ हे येथे संकेतार्थी रूप आहे : तसे असते तर असे झाले असते. म्हणजे प्रत्येक द्विपदी ज्या शब्दावर टेकते तोच शब्द सांगतो की तसे नाही. गायक एक शक्यता उंचावतो आणि श्रोता रदीफ ओळखून, गायकाच्या सुरात सूर मिळवून, ती शक्यता स्वतःच्या तोंडाने नाकारतो. समुदायाने समुदायाला दोष देण्याची अशी सोय मराठी गीतात अन्यत्र क्वचितच साधलेली आहे. उपदेशकाने हेच भाषणात सांगितले असते तर सभेने ते ऐकून घेतले असते. येथे सभा ते स्वतः गाते.

पाच या संख्येचीही दखल घेतली पाहिजे. लाख नव्हे, हजार नव्हे, पाच. गावकीत पाच जणांचा निवाडा होतो आणि एखादे काम तडीस नेण्यास पाच माणसे पुरतात, हा ग्रामीण अनुभव या एका शब्दात आहे. १९५६ मध्ये नागपूर येथे लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष अल्पावधीत गटागटांत विभागला गेला. लाखोंच्या चळवळीविषयी पाचाची अपेक्षा व्यक्त करणे यातील उपरोध श्रोत्यांना समजावून सांगावा लागत नाही. हे गीत जयंतीच्या व्यासपीठांवर, ज्या नेत्यांना ते लागू पडते त्यांच्या उपस्थितीत, आजही गायले जाते. त्यास टाळ्याही पडतात. यात विसंगती आहे. परंतु ती कवीची नव्हे.

वामनदादांचे दुसरे एक गाजलेले गीत याच्या विरुद्ध टोकाचे आहे. त्यात देशातील तीन बड्या उद्योगसमूहांची नावे घेऊन, संपत्तीचा साठा कोठे आहे आणि त्यातील आमचा वाटा कोठे आहे, असा सरळ प्रश्न विचारला आहे. येथे प्रमाण भाषा नाही, ‘हाय हो’ची बोली आहे, आणि वृत्ताची शिस्त नाही, तर पाठोपाठ आदळणारे ‘टा’चे यमक आहे. ‘टाटा’ आणि ‘वाटा’ ही दोन नामे एकाच आघाताने संपतात हा मराठी भाषेतील निव्वळ योगायोग. पण त्यातून एक अर्थशास्त्रीय प्रश्न बालगीताइतका पाठ होण्याजोगा झाला. या प्रश्नाचे मूळ शोधू गेल्यास पुन्हा नाशिक जिल्ह्यातच यावे लागते. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे भरलेल्या जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगार परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. आंबेडकरांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे प्रतिपादन केले होते. आंबेडकरी गीतांपैकी बहुसंख्य गीतांनी पहिल्या शत्रूचा समाचार घेतला. दुसऱ्याकडे वळलेली गीते थोडी आहेत. वामनदादांच्या या गीताने मनमाडच्या भाषणातील विसरला जाऊ लागलेला अर्धा भाग सांभाळून ठेवला. रेल्वेच्या व गिरणीच्या कामगाराला ते आपले वाटले याचे कारण त्यातील प्रश्न त्याने पगाराच्या दिवशी स्वतःला विचारलेला होता.

तिसरे गीत बाबासाहेबांच्या जन्मामुळे कोट्यवधी कुळे उद्धरली, असे सांगणारे. आंबेडकरी समाजात त्याचे स्थान जवळजवळ आरतीसारखे झाले आहे आणि टीकाही त्यावरच अधिक होते. ‘उद्धरणे’ हे क्रियापद पुराणातील व भक्तिपरंपरेतील आहे. ते एका बुद्धिवादी नेत्याला लावल्याने विभूतिपूजा होते, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप निराधार नाही. तथापि गीत ज्या श्रोत्यांसाठी आहे त्यांचा विचार करता त्याची दुसरी बाजू दिसते. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहण्याची बंदी होती त्यांच्या कानांवर उद्धाराची भाषा पिढ्यान् पिढ्या पडत होती. उद्धार मात्र दुसऱ्यांचा होत होता. हा शब्द कवीने देवाकडून काढून एका माणसाच्या जन्माशी, म्हणजे इतिहासातील एका घटनेशी, कार्यकारणाने बांधला. शब्द जुना राहिला, कारण बदलले. हे स्थलांतर एका क्रियापदाच्या जागी घडले असल्याने पहिल्या ऐकण्यात ते जाणवत नाही. मात्र कवीच्या पुढील अनेक स्तुतिगीतांत ही सूक्ष्मता उरलेली नाही, हेही मान्य केले पाहिजे. सूर्य, प्रकाश, पिता, माउली या ठरावीक प्रतिमा तेथे चलनी नाण्यासारख्या फिरतात. यमकासाठी शब्द आणि शब्दासाठी भाव अशी उलटी गरज निर्माण होते. हजारोंनी रचना करणाऱ्या कोणत्याही लोककवीच्या बाबतीत हे घडतेच. त्याचा निवाडा त्याच्या सरासरीवरून करू नये. पण सरासरी लपवूही नये.

अनुयायांना वादळातील दिव्यांची उपमा देणाऱ्या गीतात ही प्रतिमासृष्टी ताजी आहे. मराठी काव्यात दिव्याची स्थाने ठरलेली आहेत : देव्हारा, तुळस, समाधी. हे सगळे आडोशाचे दिवे. वामनदादांचा दिवा उघड्यावर आहे आणि तो एकटा नाही. गीतातील कर्ता ‘आम्ही’ आहे. वाऱ्याने दिवा विझतो हे सर्वश्रुत असल्यामुळे, न विझणाऱ्या दिव्यांची घोषणा करणे म्हणजे अनुभवाच्या विरुद्ध बोलणे होय. अशा वेळी कवी सहसा कारणे देतो. वामनदादा देत नाहीत, पुन्हा ध्रुपदाकडे येतात. गात असताना हे पुरेसे होते, कारण ‘आम्ही’ म्हणणारे समोर बसलेले असतात. कागदावर वाचताना मात्र पोकळी जाणवते. वामनदादांच्या गीतांचा कागदी संग्रह आणि त्यांचे मैफलीतील अस्तित्व यांतील अंतर मोजावयाचे असेल तर हे गीत प्रथम वाचावे व मग ऐकावे.

या गंभीर रचनांच्या जोडीला त्यांनी लावणीच्या वळणाची, पाहुण्याची थट्टा करणारी, प्रेयसीची मनधरणी करणारी गीतेही लिहिली. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या गाजलेल्या तमाशाप्रधान चित्रपटात त्यांचे एक गीत आहे. चळवळीतील अभ्यासक या गीतांचा उल्लेख टाळतात, जणू ती कवीच्या पूर्वायुष्यातील चूक असावी. वस्तुतः ‘हाय हो’च्या प्रश्नातील खटकेबाजपणा, ओळीच्या शेवटी श्रोत्याला कोपरखळी देण्याची सवय आणि संवादाची लय ही त्यांनी लावणीच्या शाळेतच कमावली. हसविता येत नाही अशा कवीला सभेत रागावणेही फार वेळ साधत नाही.

‘वाटचाल’च्या प्रकाशनाचा काळ मराठी साहित्याच्या इतिहासात लक्षणीय आहे. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली. दया पवार यांचा ‘कोंडवाडा’ १९७४ मधील. या दोहोंच्या मध्ये ‘वाटचाल’ येते. मुक्तच्छंदातील नव्या दलित कवितेने समीक्षकांना धक्का दिला आणि समीक्षेने धक्क्याला उत्तर म्हणून लेख लिहिले, परिसंवाद घेतले, अभ्यासक्रम बदलले. वामनदादांच्या गीतांनी समीक्षकांना धक्का दिला नाही. ती छंदोबद्ध होती, चालीवर होती, कळण्यास सोपी होती. सोपेपणा हा दोष ठरला. त्यांना ‘प्रचारगीते’ या सदरात टाकण्यात आले आणि त्या सदराचे वाङ्मयीन मूल्यमापन करण्याची प्रथा आपल्याकडे नव्हती. अमर शेख (१९१६–६९) व अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) यांच्या वाट्यालाही ही उपेक्षा काही प्रमाणात आली. परंतु अमर शेख यांचा ‘कलश’ (१९५८) आणि अण्णाभाऊंचे कथा-कादंबरीलेखन यांमुळे त्यांना ग्रंथालयात जागा मिळाली. वामनदादांचे जवळजवळ सर्व कर्तृत्व गीतातच असल्याने त्यांना दुसरा दरवाजा नव्हता. १९९३ मध्ये वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले, तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते.

ढसाळांची कविता आणि वामनदादांचे गीत ही एकमेकांची प्रतिस्पर्धी नव्हेत. एकीने मराठी कवितेची भाषा बदलली. दुसऱ्याने ज्या लोकांपर्यंत ती कविता पोहोचत नव्हती त्यांना भाषा दिली. घोटीच्या भातगिरणीत पोती वाहणारा मजूर किंवा इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीतील गँगमन यांच्याकडे १९७३ मध्ये काव्यसंग्रह नव्हता; गीत होते. जात्यावरील ओव्यांतही बाबासाहेब आले आहेत. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी संकलित केलेल्या जात्यावरील ओव्यांत डॉ. आंबेडकरांविषयीच्या ओव्यांचा मोठा भाग आहे. ओवी घराच्या आत गायली जात होती, वामनदादांचे गीत घराबाहेर. स्त्रियांनी पुढे गीत घरात नेले आणि बारशाला, लग्नाच्या हळदीला त्यांतील ध्रुपदे म्हटली जाऊ लागली. पहिल्या पिढीच्या श्रोत्यांनंतरही गीते टिकली याचे एक मोठे कारण हे घरातील गायन होय. व्यासपीठाच्या भरवशावर राहिलेली अनेक समकालीन शाहिरांची गीते त्या त्या लढ्याबरोबर मावळली.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही, आणि तो गुणवत्तेचा नसून पाठाचा आहे. मुखोद्गत गीतांचे पाठभेद होतात. गायक आपल्या गळ्याप्रमाणे शब्द बदलतो; कधी कठीण शब्द काढून सोपा घालतो, कधी प्रसंगाप्रमाणे नाव बदलतो. उपरोधाची धार असलेल्या कडव्यांना याचा अधिक उपद्रव होतो, कारण संयोजकांना न रुचणारे कडवे गाळणे सर्वांत सोपे असते. ध्वनिफितींच्या काळात, म्हणजे १९८० नंतर, भीमगीतांचा बाजार मोठा झाला. फितीच्या वेष्टनावर गायकाचे नाव ठळक व रचनाकाराचे बारीक, किंवा मुळीच नाही, अशी रीत पडली. तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात बसावे म्हणून पाच कडव्यांची तीन कडवी झाली. कापले जाते ते बहुधा शेवटचे कडवे. आणि वामनदादांच्या गीतात शेवटच्या कडव्याला विशेष महत्त्व आहे, कारण तेथे नाममुद्रा असते.

नाममुद्रेची ही चाल त्यांनी अभंगातून घेतली की शाहिरीतून, की गझलच्या तखल्लुसावरून, हे ठरविणे निरर्थक आहे. तिन्ही परंपरा त्यांच्या कानांवर होत्या. महत्त्व तिच्या कार्याला आहे. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते तेव्हा बोलणारा बदलतो. तोवर ‘आम्ही’ म्हणणारे गीत एकाएकी एका माणसाचे होते. तो कधी स्वतःला बजावतो, कधी श्रोत्यांची क्षमा मागतो, कधी आपण हे का गातो ते सांगतो. अक्षरओळख उशिरा झालेल्या माणसाला कागदावर सही करण्यापूर्वी गीतात सही करता येत होती, असेही यावर म्हणता येईल. ही सही गीताच्या आत, लयीत आणि यमकात गुंतलेली असल्याने ती कोणास सहजी पुसता येत नाही. पुसावयाची तर सगळे कडवेच काढावे लागते. ध्वनिफितींनी नेमके ते केले.

त्यामुळे आज या गीतांच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एक ध्वनिवर्धकावरची, तीन कडव्यांची, वाद्यमेळ भरघोस असलेली व कर्त्याच्या नावावाचूनची. दुसरी वस्तीतील वृद्ध गायकांच्या तोंडची, खंजिरीवरची, संथ आणि पूर्ण. नाशिक जिल्ह्यात, विशेषतः सिन्नर–घोटी पट्ट्यातील गावांत, १४ एप्रिलच्या रात्री मिरवणूक संपल्यावर दुसरी आवृत्ती ऐकावयास मिळते. ध्वनिवर्धक बंद झालेला असतो, ऐकणारे थोडे उरलेले असतात आणि गायकाला घाई नसते. ‘वाटचाल’ व नंतरचे दोन संग्रह यांची पाठचिकित्सित आवृत्ती करू पाहणाऱ्या संपादकाला छापील प्रतींइतकेच या गायकांकडे जावे लागेल; आणि प्रत्येक गीताचे शेवटचे कडवे आधी उतरवून घ्यावे लागेल.